जबाबदारी कोणाची? आधी वरच्यांची

हेब्बाळ, बेंगळुरू
सप्टेंबर २०२४

पॅरिस ऑलिंपिक संपून महिना झाला. हिशेब सोपा आहे. ११७ खेळाडू गेले, एक रौप्य आणि पाच कांस्य घेऊन आले, पदकतालिकेत आपण ७१वे. तीन वर्षांपूर्वी टोकियोत सात पदकं होती, त्यात नीरजचं सुवर्ण होतं आणि क्रमांक ४८वा होता. म्हणजे आपण पुढे सरकलो नाही, मागे आलो. यावर माझा कोणाशी वाद नाही. वाद आहे तो या निकालाचा जाब कोणाला विचारायचा यावर.

आपण तो विचारला खेळाडूंना. ५ ऑगस्टला लक्ष्य सेन कांस्यपदकाची लढत हरला. मलेशियाच्या ली झी जियाविरुद्ध पहिला गेम २१-१३ असा घेतला होता, दुसऱ्यात ८-३ अशी आघाडी होती, आणि तिथून सामना निसटला. घाम वाळायच्या आत त्याचे मार्गदर्शक प्रकाश पदुकोण यांनी पत्रकारांना सांगितलं की सरकारने, महासंघाने जे करायचं ते सगळं केलं आहे, आता खेळाडूंनी जबाबदारी घ्यायला हवी. नंतर सुनील गावसकरांनी लेख लिहून त्यांना पाठिंबा दिला. ११ ऑगस्टला विनेश फोगाटच्या शंभर ग्रॅमबद्दल भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांचं निवेदन आलं. वजन सांभाळणं ही खेळाडूची आणि प्रशिक्षकाची जबाबदारी आहे, संघटनेने नेमलेल्या डॉक्टरांची नाही, असं त्यात होतं.

एकाच आठवड्यातल्या दोन घटना. खेळ वेगळे, माणसं वेगळी, पण बोट एकाच दिशेला, खाली.

आमच्या कोर्सच्या ग्रुपवर पदुकोणांचं ते बोलणं एका दिवसात पाच जणांनी टाकलं. खाली अंगठे, टाळ्या आणि 'एकदम फौजी बात' अशा प्रतिक्रिया. निवृत्त वरिष्ठांच्या ग्रुपवरही तोच सूर. हा लेख मुख्यतः या सगळ्यांसाठी आहे. कारण मित्रांनो, ही फौजी बात नाही. ही फौजेच्या बरोबर उलटी बात आहे.

फौजेत काय होतं ते आठवा. वार्षिक फायरिंगमध्ये एखाद्या कंपनीचा निकाल घसरला, तर सीओसमोर कोण उभा राहतो? कंपनी कमांडर. 'तुझ्या कंपनीचं फायरिंग का पडलं?' एवढाच प्रश्न असतो. त्यावर एखाद्या मेजरने उत्तर दिलं, 'सर, मी रेंज दिली, राउंड दिले, टार्गेट लावून दिलं, आता पोरांनी जबाबदारी घ्यावी,' तर त्या मेजरचं पुढे काय होतं हे माझ्या वाचकांतल्या प्रत्येक माजी सैनिकाला ठाऊक आहे. पेट्रोल अँबुशमध्ये सापडली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. तिचे पहिले प्रश्न असतात ते ब्रीफिंग कोणी केलं, रस्ता कोणी ठरवला, खबर काय होती, रेडिओ चालू होता का. जवानाने ट्रिगर केव्हा दाबला हा प्रश्नही येतो, पण तो शेवटी येतो. यश जवानाचं आणि अपयश कमांडरचं, हे आपल्याला खडकवासल्याला पहिल्या टर्ममध्ये शिकवलं. ते परेड ग्राउंडवरच ठेवून आपण बाहेर पडलो की काय?

पदुकोणांबद्दल मला आदर आहे आणि तो या लेखाने कमी होणार नाही. १९८० साली त्यांनी ऑल इंग्लंड जिंकलं तेव्हा त्यांच्या पाठीशी आजच्या सोयींतली एकही नव्हती. सरावासाठी ते डेन्मार्कला जाऊन राहिले. इथे हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून विमानतळाकडे निघालं की त्याच बाजूला त्यांची अकादमी आहे. लक्ष्य अल्मोड्याहून लहान वयात त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या नजरेखाली वाढला. खेळाडूंच्या मनाच्या तयारीकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही, असंही पदुकोण त्याच दिवशी बोलले. तो मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण मग विचारायला हवं की मनाची तयारी करून घ्यायची कोणी? पॅरिसमध्ये कोर्टाच्या कडेला खुर्चीवर स्वतः पदुकोण बसले होते. उपांत्य सामन्यात अ‍ॅक्सेलसनविरुद्ध पहिल्या गेममध्ये लक्ष्य २०-१७ ने पुढे होता, दुसऱ्यात ७-० ने. दोन्ही गेम गेले. पुढच्याच दिवशी ८-३ ची आघाडी गेली. पुढे असताना सामना मिटवता येत नाही, हा दोष एका मुलाच्या स्वभावात असेलही. पण तो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत कोणाला दिसलाच नाही, किंवा दिसूनही त्यावर काम झालं नाही, तर तो प्रशिक्षणाचा दोष आहे. रिक्रूटची पकड चुकीची असेल तर उस्तादाला विचारतात, रिक्रूटला नाही.

कोडगूच्या अश्विनी पोनप्पाने नेमकं हेच विचारलं. जिंकल्यावर श्रेय घ्यायला सगळे पुढे येतात, मग हरल्यावर दोष एकट्या खेळाडूचा कसा? प्रशिक्षकांना कोणी का विचारत नाही? ती तीन ऑलिंपिक खेळलेली खेळाडू आहे. तिच्या म्हणण्यावर आमच्या ग्रुपमध्ये एकही अंगठा आला नाही.

आता पैशाचा मुद्दा. 'एवढे कोटी दिले, आता निकाल द्या,' हे वाक्य महिनाभर ऐकतोय. पॅरिसच्या तयारीवर सरकारने साधारण ४७० कोटी खर्च केले, त्यातले ७२ कोटी बॅडमिंटनवर, आणि बॅडमिंटनमध्ये पदक शून्य. आकडा खरा आहे. पण हा पैसा खेळाडूच्या खिशात जात नाही. तो शिबिरं, परदेश दौरे, प्रशिक्षक, साहित्य यांवर जातो आणि तो कसा, कुठे, कधी खर्च करायचा हे खेळाडू ठरवत नाही. ज्याने ठरवलं त्याने हिशेब द्यावा. रसद पोचवली म्हणून मोहीम फत्ते झाली असं आपण कधी म्हणत नाही. रसद ही जबाबदारीची सुरुवात असते.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. १९९६ साली अटलांटात त्यांना फक्त एक सुवर्ण मिळालं आणि ते ३६वे आले. त्यानंतर लॉटरीचा पैसा खेळात आला. २०१२ च्या लंडनमध्ये ते तिसरे होते. पण नुसत्या पैशाने हे झालं नाही. लक्ष्य गाठलं नाही तर त्या खेळाच्या संस्थेचं अनुदान कापलं जाईल, असा नियम होता. या धोरणावर तिथेही टीका झाली, लहान खेळ त्यात भरडले गेले. तरी जाब संस्थेला विचारला जात होता हे महत्त्वाचं.

आपल्याकडे असं होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी याच बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला जावं. तिथे क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे आणि आपला हॉकी संघ वर्षातला मोठा काळ तिथे शिबिरात असतो. जानेवारी २०२३ मध्ये ओडिशात विश्वचषक झाला. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि आपण न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरून नवव्या क्रमांकावर. प्रशिक्षक होते ग्रॅहॅम रीड. याच माणसाने टोकियोत ४१ वर्षांनी हॉकीचं पदक मिळवून दिलं होतं. रीड यांनी खेळाडूंवर बोट ठेवलं नाही. स्पर्धा संपताच राजीनामा दिला. त्यांच्या जागी क्रेग फुल्टन आले. काही महिन्यांत मनाच्या तयारीसाठी पॅडी अप्टन यांना संघाबरोबर जोडलं गेलं. खेळाडू बहुतेक तेच राहिले, कर्णधार हरमनप्रीतही तोच. त्याच वर्षी हांगझोऊला सुवर्ण आलं.

आणि पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. पुढची चाळीसहून जास्त मिनिटं दहा जण खेळले, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउट ४-२ ने जिंकलं. दीड वर्षापूर्वी शूटआउटमध्ये कोसळलेला हाच संघ. पुढे कांस्य आलं. सलग दोन ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक १९६८ आणि १९७२ नंतर पहिल्यांदाच.

एकच शहर, दोन पत्ते. एका ठिकाणी हरल्यावर वरचा माणूस बाजूला झाला आणि खाली काय कमी पडलं ते शोधून भरलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी वरच्या माणसाने सांगितलं की आमचं सगळं करून झालंय. आपण टाळ्या कोणाला दिल्या ते आपलं आपण पाहावं.

आता विनेशकडे येतो. गणवेशात असल्यामुळे राजकारणावर मी लिहीत नाही आणि आताही लिहिणार नाही. निकालाचे नियम नियम आहेत, ५० किलो म्हणजे ५० किलो. ६ ऑगस्टला तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जिला आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर कोणीही हरवलेलं नव्हतं. त्या रात्री तिने अन्न-पाणी टाळलं, घाम गाळला, केस कापले. तरी सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरले. पथकाबरोबर डॉक्टर आहे, आहारतज्ज्ञ आहे, मॅनेजर आहे, अध्यक्ष आहे. अशा वेळी सेनापतीने काय बोलावं? 'माझ्या पथकात घडलं, मी बघतो काय चुकलं.' एवढंच. आपल्या डॉक्टरांवर समाजमाध्यमांत अन्यायकारक शिवीगाळ झाली हे खरं, आणि त्यांना पाठीशी घालणं हे अध्यक्षांचं कामच होतं. पण एका माणसाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला पुढे ढकललं गेलं. खुद्द उषाताई १९८४ साली लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथ्या आल्या होत्या. हरून परतण्याचं दुःख त्यांच्याइतकं कोणाला कळणार? म्हणूनच ते निवेदन जास्त लागलं.

आणि विनेश ५० किलोत आली कशी? तिचा नेहमीचा गट ५३ किलोचा. २०२३ हे ऑलिंपिकच्या आधीचं वर्ष, कोणत्याही खेळाडूच्या तयारीचं सोन्यासारखं वर्ष. त्या वर्षात आपले सर्वोत्तम कुस्तीगीर आखाड्यात असायला हवे होते, ते जंतरमंतरच्या फुटपाथवर होते. ऑगस्टमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ५३ किलोचा कोटा दरम्यान अंतिम पंघालने मिळवला होता. आणि अंतिमने तो कसा मिळवला? सप्टेंबर २०२३ मध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून. पण त्या स्पर्धेत आपले कुस्तीगीर तिरंग्याखाली खेळलेच नाहीत. महासंघाने वेळेत निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं होतं आणि आपली मुलं त्या संघटनेच्या झेंड्याखाली उतरली.

माजी सैनिकांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. ज्या कापडासाठी आपण माणसं गमावली ते कापड एकोणीस वर्षांच्या मुलीच्या छातीवर लावू दिलं गेलं नाही, कारण काही प्रौढ माणसांना वेळेत निवडणूक घेता आली नाही. हे पहिल्यांदाही घडलं नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनाच निलंबित झाली होती आणि २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात आपले तीन खेळाडू ऑलिंपिकच्या झेंड्यामागून चालले. २०२२ मध्ये फुटबॉल महासंघावर तीच पाळी आली. शंभर ग्रॅमवर महिनाभर चर्चा करणाऱ्या देशाने या तीन निलंबनांसाठी कोणाचा जाब घेतला? मला एकही नाव आठवत नाही. तुम्हाला आठवलं तर कळवा.

मराठी माणसाला तर हे नवीन असायचं कारणच नाही. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांची जपानच्या इशीबरोबर दमछाक करणारी कुस्ती झाली. ती संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. नियमाप्रमाणे मध्ये विश्रांतीची अर्धा तास सवलत होती. पण ती मागायला आखाड्याजवळ भारताचा एकही अधिकारी नव्हता, असं त्या प्रसंगाबद्दल लिहून ठेवलेलं आहे. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यावर थांबले. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. ज्याची जबाबदारी नव्हती त्याने घर गहाण टाकलं, आणि ज्यांची होती ते जागेवर नव्हते. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. अर्जुन पुरस्कार त्यांना २००० साली मिळाला. तेव्हा ते जाऊन सोळा वर्षं झाली होती.

बहात्तर वर्षांनी कोल्हापूरच्याच मातीतला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्टला तीन पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मारून कांस्य घेऊन आला. तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला, २०१५ पासून रेल्वेत तिकीट तपासनीस. पदक आलं आणि मध्य रेल्वेने त्याला विशेष कार्य अधिकारी केलं. आनंद आहे. पण पदकाआधीची बारा वर्षं तो आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळतच होता. ३१ जुलैला तो जेवढा चांगला नेमबाज होता तेवढाच २ ऑगस्टला होता. मध्ये बदललं ते फक्त आपलं त्याच्याकडे बघणं.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. खेळाडू मोठे झाले की काही जणांना जाहिराती मिळतात, मनासारखा परदेशी प्रशिक्षक मिळतो, आणि एखादा त्यात सैलावतो. अशांना खडसावलंच पाहिजे. पण कुठे? बंद दाराआड. चुकलेल्या जवानाला सीओ ऑर्डरली रूममध्ये सोलून काढतो, आणि बाहेर ब्रिगेड कमांडरसमोर 'माझी पलटण, माझी चूक' म्हणतो. बाहेर वेगळं आणि आत वेगळं बोलणं म्हणजे दुटप्पीपणा नाही, ती नेतृत्वाची पद्धत आहे. आणि एक लक्षात घ्या, खेळाडूची जबाबदारी घ्यायची राहिलेलीच नसते. त्याचा निकाल सगळ्या जगासमोर फलकावर लागतो. महासंघाच्या सचिवाचा स्कोअर कुठल्या फलकावर लागतो?

सहा पदकांच्या या ऑलिंपिकमध्ये आपण सहा वेळा चौथे आलो. अर्जुन बबुता चौथा. पंचवीस मीटर पिस्तुलात मनू भाकर चौथी. मिश्र तिरंदाजीत धीरज आणि अंकिता चौथे. स्कीटमध्ये महेश्वरी आणि अनंतजीत ४३ विरुद्ध ४४ ने, एका तबकडीने चौथे. मीराबाई एका किलोने चौथी, तिचे १९९ आणि थायलंडच्या मुलीचे २००. आणि लक्ष्य. यातली अर्धी पदकं आली असती तर आज आपण विक्रमी कामगिरीचे ढोल वाजवत असतो आणि पदुकोणांना बोलावंच लागलं नसतं. चौथं येणं म्हणजे नालायकी नव्हे. माणूस दारापर्यंत पोचला, शेवटच्या पावलाची तयारी कमी पडली, एवढाच त्याचा अर्थ. ते शेवटचं पाऊल म्हणजे मनाचं प्रशिक्षण, दुखापतींचं व्यवस्थापन, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. ही तिन्ही कामं स्टाफची आहेत.

आणि ज्यांचे आकडे चौथ्यापर्यंतही पोचले नाहीत त्यांचं काय? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पॅरिसला ११वा आला. 'अकरावा? म्हणजे काय झालं?' असं मला एका सुशिक्षित नातेवाइकाने विचारलं. झालं ते असं. ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. त्याच्याआधी रिओत आपल्या माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर तिथे पोचली होती. दोघंही दुष्काळी तालुक्यांतले. साबळे ५ महारमध्ये भरती झाला तेव्हा धावपटू नव्हता. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशी नोकरी करत होता. फौजेच्या क्रॉस कंट्रीत तो दिसला आणि तिथून घडला. बीडमध्ये त्याला कोणीही शोधलं नव्हतं, कारण शोधणारं कोणी नव्हतंच.

क्रॉस कंट्रीवरून खडकवासला आठवतं. तिथे पहिल्या आलेल्या एका कॅडेटमुळे स्क्वॉड्रन जिंकत नाही. शेवटून धावणारा पोरगा कितव्या एन्क्लोजरमध्ये आला यालाही गुण असतात. म्हणून स्क्वॉड्रनचा कॅडेट कॅप्टन पहिल्यापेक्षा शेवटच्याच्या मागे जास्त लागतो. शंभर पोरं बरी धावायला लागली की त्यातला एक आपोआप खूप चांगला निघतो. आपला देश नेमकं उलट करतो. एका नीरजची वाट बघतो, आणि तो चुकला की त्यालाच विचारतो.

परवा सकाळी आमच्याकडच्या एका हवालदाराने मला थांबवलं. साताऱ्याकडचा आहे. मुलगी नववीत, आठशे मीटर धावते, चांगली धावते. म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. पोरगीला पुढं धावू द्यावं का क्लास लावावा? एवढ्या मोठ्या मोठ्या खेळाडूंना टीव्हीवर काय काय ऐकून घ्यावं लागतंय. तो ऑलिंपिकमध्ये चौथा आला तरी शिव्या खातोय. माझी पोरगी जिल्ह्यात चौथी आली तर तिला कोण विचारणार?"

मी त्याला धावू दे म्हणालो. पण त्याचा प्रश्न चूक नव्हता. आपल्या टाळ्या आणि फॉरवर्ड कुठपर्यंत पोचतात ते त्याने मला दाखवलं. '२०३६ चं ऑलिंपिक आपल्याकडे' अशी भाषा सध्या सुरू आहे. २०३६ मध्ये ही मुलगी पंचविशीत असेल. त्या वेळी धावपट्टीवर कोण असेल याचा निर्णय या वर्षी असे हजारो बाप स्वयंपाकघरात बसून घेत आहेत.

इथे हेब्बाळमध्ये २०१८ साली गटाराच्या खोदकामात एक दगड सापडला. आपल्याकडे गावोगावी असतात तसा वीरगळ. इसवी सन ७५० च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, जुन्या कन्नडमध्ये कोरलेला. किट्टय्या नावाचा माणूस रट्टवाडीच्या स्वारीत लढताना पडला, असं त्यावर लिहिलं आहे. अभ्यासक ती राष्ट्रकूटांची स्वारी मानतात, म्हणजे हल्ला करणारे बहुधा आपल्याच बाजूचे! दगड किट्टय्या लढला हे सांगतो. त्याने किती मारले, कोण जिंकलं, यासाठी तो उभारलेला नाही. पावणेतेराशे वर्षांपूर्वीच्या खेडेगावाला एवढं कळत होतं की माणूस गावासाठी उभा राहिला, तर त्याचं नाव गाव ठेवतं. खेळ म्हणजे युद्ध नाही आणि हरणं म्हणजे मरण नाही, हे मला कळतं. पण देशासाठी उभ्या राहिलेल्या माणसाशी कसं वागायचं याची आपली रीत जुनी आहे, आणि ती परवाच्या टीव्हीवरच्या चर्चांपेक्षा चांगली होती.

तर माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक महासंघाने ऑलिंपिकआधी काय कबूल केलं होतं आणि काय झालं, ते एका कागदावर लोकांसमोर ठेवावं. त्यावर सही अध्यक्षाची असावी. प्रत्येक मुख्य प्रशिक्षकाने आणि मार्गदर्शकाने आपण लढाईनंतर लिहितो तसा अहवाल लिहावा, आणि त्यातलं पहिलं पान 'मी काय करायला हवं होतं' याचं असावं. सहा चौथे क्रमांक एकत्र ठेवून त्यांचा अभ्यास व्हावा. ज्या महासंघामुळे खेळाडूला तिरंग्याशिवाय उतरावं लागलं, त्याच्या पदाधिकाऱ्यांना पुन्हा खुर्ची मिळू नये. हे सगळं झाल्यावर, उरलाच तर, खेळाडूचा दोष काढावा.

आणि माझ्या कोर्समेटना आणि वरिष्ठांना एक विनंती. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कोणीतरी पुन्हा एका गुणाने, एका किलोने हरेल. त्या रात्री ग्रुपवर काही टाकण्याआधी आपल्या पहिल्या सीओला आठवा. तुमच्या प्लाटूनकडून चूक झाली होती तेव्हा ते ब्रिगेडला काय बोलले होते ते आठवा. मग काय ते टाका.